निजून पाहिले

केळुसकर काका दुपारी दोन ते अडीच झोपायचे. ऑफिसच्या वेळेत, सगळ्यांच्या देखत, आणि त्याचे पैसे घेऊन. आमच्या कंपनीत एवढा मान दुसऱ्या कुणाच्याच झोपेला नव्हता.

मानेसरला आमची एक मोठी पत्र्याची शेड होती. तिच्यात एका बोटीचा आतला भाग उभा केलेला होता, प्लायवूडचा, पण अगदी खऱ्या मापाचा. खाली पाणी नाही, इंजिन नाही, नुसत्या खोल्या. दिल्लीतल्या साहनी नावाच्या एका उद्योगपतींनी स्वतःसाठी मोटरयॉट बांधायला घेतली होती, जुन्या काळच्या थाटाची. सरळ उतरती नाळ म्हणजे पुढचं टोक, लांबलचक बसकं डेक, गोल खिडक्या, आत महोगनी आणि पितळ. तिचा सांगाडा पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गोदीत तयार होत होता आणि आतली सजावट आमच्या गळ्यात पडली होती. आम्ही म्हणजे गुरुग्रामच्या काचेच्या इमारतीत बसून हॉटेलं आणि फार्महाऊस सजवणारी माणसं. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र गोव्याच्या सहलीत पाहिलेला, तोही संध्याकाळी. मी कोथरूडची, माझी समुद्राशी ओळख दिवेआगरला खाल्लेल्या मोदकांपलीकडे गेलेली नव्हती.

काकांना आणलं मीच. त्यांची मुलगी सुनीता केंद्र सरकारात अधिकारी, लक्ष्मीबाई नगरला राहणारी. गणपतीत आमची ओळख झाली होती. काका नौदलाच्या मुंबईच्या गोदीत सुतार म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ. बायको गेल्यावर ते लेकीकडे दिल्लीला आले, आणि आल्या महिन्यातच त्यांनी सरकारी क्वार्टरचे सगळे दरवाजे उतरवून, रंधून पुन्हा बसवले. मग शेजाऱ्यांचेही. सुनीता मला हात जोडून म्हणाली, "मुग्धा, बाबांना काहीतरी काम दे गं. नाहीतर पुढच्या आठवड्यात ते जॉइंट सेक्रेटरींच्या घरी रंधा घेऊन जातील."

आमचे बॉस खन्ना यांना कुणीतरी 'समुद्रवाला' माणूस हवाच होता. त्यांनी काकांना 'केलुस्कर साब' म्हणून जे डोक्यावर घेतलं, ते शेवटपर्यंत त्यांना पूर्ण खाली उतरवता आलं नाही.

काका ठेंगणे, रुंद, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातले. कानावर पेन्सिल, खिशात घडीची लाकडी फूटपट्टी. थंडीशी त्यांचं वैयक्तिक भांडण होतं. दिवाळी सरली की कानटोपी आणि दोन स्वेटर चढायचे ते होळीपर्यंत उतरायचे नाहीत. चहाच्या वेळी ते घड्याळ बघून कुणी न विचारता सांगायचे, "वेंगुर्ल्याला भरती लागली." कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात महिन्यातून एकदा जाऊन ते मराठी पेपर चाळायचे आणि भरती-ओहोटीच्या वेळा वहीत उतरवून आणायचे. ऑफिसातली पंजाबी पोरं पहिल्यांदा हसली. नंतर नंतर तीच विचारायला लागली, "दादा, आज हाई टाइड कब है?" त्या माहितीचं गुरुग्राममध्ये कुणी काय करणार होतं, देव जाणे.

आणि ती झोप. बर्थवर माणूस निजल्याशिवाय तो बर्थ नव्हे, फळी, असं त्यांचं म्हणणं. शेडमध्ये एखादा पलंग उभा राहिला की दुपारचा डबा खाऊन काका त्यावर अर्धा तास झोपायचे. कूस बदलून बघायचे, पाय ताणून बघायचे, दिवा लावायला हात कुठवर जातो ते बघायचे. उठल्यावर कानावरची पेन्सिल काढून फळीच्या खालच्या अंगाला लिहायचे, 'निजून पाहिले. ठीक.' खाली तारीख. खुर्चीखाली 'बसून पाहिले.' साहनी साहेबांच्या संगमरवरी टबाच्या प्लायवूडच्या नमुन्यात ते कपडे घालून, कानटोपीसकट बसले होते आणि कडेला लिहिलं होतं, 'बसून पाहिले. गुडघा आदळतो.' या मजकुराचा फोटो आल्याशिवाय किनाऱ्यावरची गोदी खऱ्या लाकडाला करवत लावायची नाही. खन्नांच्या इंग्रजीतल्या तीन पानी पत्रांना तिथे कुणी विचारत नसे.

माझं आणि काकांचं पहिलं भांडण जेवणाच्या टेबलावरून झालं. मी सलूनचं टेबल काढलं होतं. तुळतुळीत, धारदार कोपऱ्यांचं. मला ते फार आवडलं होतं. काकांनी कागद पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, "चल, तुला समुद्र दाखवतो." आम्ही मेट्रोच्या स्टेशनवर गेलो. दिल्लीच्या दिशेची गाडी पकडली. डब्यात बसायला जागा असूनही त्यांनी मला मधोमध उभं केलं.

"डोळे मीट आणि हात सोड."

"काका, लोक बघतायत."

"बघू देत. लाट काय लोक बघून येते?"

गाडी वळणावर आली आणि मी पिशव्या घेऊन बसलेल्या एका बाईंच्या अंगावर गेले. त्या कडाडल्या, "मैडम, पकड़ के खड़े हो जाओ ना!" काका अतिशय अदबीने म्हणाले, "माफ करना बहनजी, ये डिज़ाइनर है." त्यांनी मला आणखी तीन वळणं अशीच पाडली. दर वेळी पडताना माझा हात कुठे गेला ते त्यांनी फूटपट्टी उघडून मोजलं. एक उंची खांद्याशी, एक कमरेच्या जरा वर. डब्यातली सगळी माणसं मोबाइल सोडून आमच्याकडे बघत होती. एका सरदारजींनी तर उठून स्वतः पडून दाखवण्याची तयारी दर्शवली.

परत आल्यावर त्या दोन उंचींवर आम्ही बोटभर जाडीच्या महोगनीच्या पट्ट्या सगळ्या बोटीभर फिरवल्या. बघणाऱ्याला ती भिंतीची नक्षी वाटते. चालणाऱ्याला तिचा आधार मिळतो. टेबलाचे कोपरे गोल झाले, कडेला दीड बोट उंच काठ आला. मला तोवर हा काठ म्हणजे जुन्या फॅशनचा नखरा वाटायचा. काका म्हणाले, "ताट मांडीवर येऊ नये म्हणून असतो गो तो."

त्या दीड वर्षात मी काकांकडून शिकले ते हेच. मी 'क्लासिक' म्हणून पुस्तकांतून जे उतरवून काढत होते, ते सगळं कुणाच्या तरी ठेच लागण्यातून आलेलं होतं. दाराला जाळीच्या पट्ट्या का, तर कपाटातल्या कपड्यांना वारा लागावा. पितळ का, तर लोखंड खाऱ्या हवेत टिकत नाही. मालकाची केबिन बोटीच्या बरोबर मध्यावर का, तर तिथे हेलकावा सगळ्यात कमी. शोभा नंतर आली आणि मग गरज विसरून नुसती शोभाच उरली. हे कळल्यावर मला माझ्या आधीच्या दहा वर्षांच्या कामाची थोडी लाज वाटली, हे खरं सांगते.

पण काकांना साधेपणाचं कौतुक होतं असं समजू नका. ऐश करायची तर नीट करा, या मताचे ते. साहनी साहेबांच्या पलंगाशेजारचा वाचायचा दिवा त्यांनी सात वेळा हलवला. उजेड पुस्तकावर पडला पाहिजे आणि शेजारी झोपलेल्या मॅडमच्या डोळ्यांवर पडता कामा नये. मागच्या डेकवरच्या वेताच्या खुर्च्या त्यांनी तळाशी वजन घालून जड करवल्या, म्हणजे वाऱ्यात सरकत नाहीत. एसीचा आवाज ऐकायला ते भिंतीला कान लावून उभे राहत. टॉवेल गरम ठेवणारी पितळी दांडी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून बघितली. मग म्हणाले, "दिल्लीच्या थंडीत ही आमच्या क्वार्टरमध्ये हवी होती."

मध्येच वास्तूचं प्रकरण निघालं, आणि ते माझ्याच कृपेने. घरांचे नकाशे काढायची इतकी वर्षांची सवय. बोटीच्या नकाशावरही मी कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढून मोकळी झाले. कुणाच्याच लक्षात आलं नाही. नकाशा साहनी मॅडमकडे गेला, तिथून करोल बागेतल्या त्यांच्या वास्तूवाल्या पंडितजींकडे. पंडितजींनी बाण बघून निर्णय दिला. देवघर ईशान्येला नाही, शयनगृहात डोकं चुकीच्या दिशेला, आणि स्वयंपाकघर आग्नेयेकडून हलवलेलं. आमच्या ऑफिसात दोन दिवस मीटिंगा झाल्या. देवघर कुठे हलवता येईल, यावर सहा शिकलेली माणसं डोकं खाजवत बसली. तिसऱ्या दिवशी काका आले, त्यांनी नकाशावरचा बाण पाहिला आणि खुर्ची ओढून खाली बसले. हसताना त्यांना श्वास पुरेना.

"अगो, बोट वळली की तुझी उत्तर कुठे जाणार?"

मला तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण काका पंडितजींना मात्र हसले नाहीत. ते आले तेव्हा काकांनी त्यांना आधी चहा दिला आणि आपल्या वेंगुर्ल्याच्या हिंदीत सांगितलं, "पंडितजी, घर खड़ा रहता है, तो भगवान को दिशा चाहिए. बोट घूमती है, तो भगवान को सीधा रहना चाहिए. वो मैं करके देता हूँ." जुन्या जहाजांवर होकायंत्र कडीत कडी अडकवून टांगलेलं असतं, बोट कशीही कलली तरी ते सपाटच राहतं. तसाच देव्हारा त्यांनी टांगला. आतली समई हलवून बघितली, तेल सांडलं नाही. पंडितजींनी वाकून नमस्कार केला. देव्हाऱ्याला की काकांना, ते कळलं नाही.

सगळ्यात सुंदर होता तो जिना. सलूनमधून खाली मालकाच्या केबिनकडे उतरणारा, अर्धवर्तुळात वळत जाणारा. शेडमध्ये बाकी सगळं प्लायवूडचं होतं. जिना तेवढा खऱ्या महोगनीचा, कारण असं काम एकदाच होतं, असं काकांनी खन्नांना पटवलं होतं. तो तसाच्या तसा उचलून बोटीत बसवायचा होता. सहारनपूरचा इरफान नावाचा एक पट्टीचा कारागीर आमच्याकडे होता. तो आणि काका, दोघांनी मिळून चार महिने तो जिना केला. कठडा एका सलग वळणाने खाली उतरत होता आणि सांधा कुठे आहे ते नख फिरवूनही सापडायचं नाही. उन्हाळ्यात धूळ बसेल म्हणून वॉर्निशचे हात ते पहाटे, वारा सुटायच्या आत द्यायचे. काका स्वतःच्या कामाबद्दल कधी बोलत नसत. पण एकदा कठड्यावर तळवा ठेवून ते म्हणाले, "नौदलात चाळीस वर्षं केलं ते सगळं रंगाखाली गेलं. हा राहील बघ. नाव नसतं आपलं, पण चांगल्या सुताराने बघितलं तर तो विचारील, कोणी केला म्हणून." एवढं बोलून त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. लगेच त्यांनी इरफानला पॉलिश पेपरवरून दम भरला.

मग मॅडमनी कपड्यांसाठी खोली मागितली. कपाट नव्हे, आत शिरून फिरता येईल अशी खोली. नकाशात जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ती शोधली. पुढच्या अंगाला खलाशांची केबिन होती, सहा माणसांची. तिची भिंत मी दीड फूट पुढे ढकलली. आधी तिथे तीन ठिकाणी दोन-दोन बर्थ होते, खाली एक आणि वर एक. आता दोनच ठिकाणी बर्थ मावत होते, म्हणून मी ते तीन-तीन केले, रेल्वेच्या थ्री टियरसारखे. सहाच्या सहा माणसं मावली. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं. नकाशावर ते बर्थ 'क्रू एक' ते 'क्रू सहा' असे लिहिलेले होते.

सुताराने प्लायवूडचे बर्थ उभे केले. दुपारी दोनला काका वरच्या बर्थवर चढले. रोज अडीचला उठणारे काका त्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी खाली उतरले. मधल्या बर्थवर गेले, तिथूनही उतरले. मग पेन्सिल काढून त्यांनी फळीवर लिहिलं, 'निजून पाहिले. ठीक नाही. माणूस उठून बसत नाही.'

खन्ना धावत आले. "केलुस्कर साब, क्रू ही तो है. रात को सोना ही तो है उनको." काका म्हणाले, "हो. सोना ही है." पण शब्द खोडले नाहीत. आणि ते शब्द खोडल्याशिवाय गोदी पुढचं लाकूड कापणार नव्हती.

मी त्यांना समजवायला गेले. काम अडलं होतं, आणि भिंत ढकलणारी मीच, त्यामुळे मला ते जास्तच टोचत होतं. काका शेडच्या दारात उन्हाला बसले होते. रागावलेले नव्हते. त्यांनी मला त्यांच्या मोठ्या भावाची गोष्ट सांगितली. भाऊ मुंबईच्या एका शेठच्या बोटीवर खलाशी होता. शेठची बोट सुंदर. आत गालिचे, पियानो. खलाशी पुढे नाळेत, असेच तीन मजल्यांवर. भाऊ अकरा वर्षं मधल्या फळीवर झोपला.

"सुट्टीत घरी यायचा तेव्हा ओटीवर झोपायचा," काका म्हणाले. "वर काही नाही, नुसतं छप्पर. तरी उठताना आधी हात कपाळावर धरायचा, असा, आणि मग वाकडा होऊन उठायचा. आम्ही हसायचो. नोकरी सोडली, लग्न झालं, नातवंडं झाली, तरी तसाच उठायचा. शेवटी हॉस्पिटलात होता तेव्हाही नर्स उठवायला आली की आधी हात कपाळावर." त्यांनी हात कपाळावरून खाली घेतला. "नकाशात माणूस निजलेला दिसत नाही गो. तुझी चूक नाही."

चूक माझीच होती. त्यांनी ती माझ्या पदरात टाकली नाही, म्हणून मला जास्त रडू आलं.

पुढच्या आठवड्यात साहनी साहेब शेड बघायला आले. दिलदार माणूस, खळखळून हसणारा. त्यांना सगळं आवडलं. पट्टीला धरून ते मुद्दाम झोकांड्या खात चालले, समई हलवून बघितली, जिन्यावरून तीनदा खाली-वर केलं. "वाह दादा जी, वाह," म्हणत त्यांनी कठड्यावरून हात फिरवला. मग काकांनी त्यांना पुढे नेलं आणि हात जोडून मधल्या बर्थवर निजायची विनंती केली. खन्नांचा चेहरा पांढराफटक झाला. साहनी साहेब मात्र बूट काढून हसत हसत आत शिरले, आडवे झाले.

"अब उठिए, साहब."

त्यांनी मान उचलली आणि टाळकं वरच्या फळीवर दाणकन आपटलं. मग साहेबच हसत सुटले. "दादा जी, मुझे थोड़े ही सोना है यहाँ!" सगळे हसले. काकाही कसनुसे हसले आणि म्हणाले, "साहब, जिसको यहाँ सोना है, रात को आपकी बोट वही चलाएगा."

साहेब बूट घालता घालता थांबले. डोकं चोळलं. मग समजुतीच्या स्वरात म्हणाले, "देखो, मैडम का रूम तो रहेगा, वो फाइनल है. बाकी कहीं से जगह निकाल सको तो निकाल लो. मुझे कोई ऐतराज़ नहीं." आणि ते गेले.

बाकी कुठून जागा निघणार होती? मी त्या शनिवारी सबंध दिवस नकाशा पुढ्यात घेऊन बसले. न्हाणीघर हलत नव्हतं, इंजिनाची भिंत हलत नव्हती. अर्धवर्तुळात वळणारी एकच गोष्ट त्या बोटीत होती आणि तिच्याकडे मी बघत नव्हते. दिसत असूनही बघत नव्हते.

सोमवारी सकाळी शेडमध्ये गेले तर काका जिन्याच्या तळाशी गुडघ्यावर बसून खडूने खुणा करत होते. शेजारी इरफान हातात करवत घेऊन उभा. त्याचे डोळे लाल झालेले.

"काका, नको," मी म्हटलं. "या जिन्यावर जीव जडलाय साहनी साहेबांचा. खन्ना सगळ्या जगाला फोटो दाखवत फिरतायत."

"सरळ जिना केला तर वीस इंच सुटतात," काका म्हणाले. "मॅडमची खोली इकडे सरकेल, भिंत मागे जाईल, तिथे पुन्हा तीन ठिकाणी दोन-दोन बर्थ बसतील. मी मापून बघितलंय."

"दुसरं काहीतरी काढू ना आपण. थोडा वेळ द्या मला."

"जिन्यावर माणूस दिवसातून चार वेळा असतो. बर्थवर आठ तास असतो." त्यांनी खडू खिशात टाकला. "आणि सरळ जिना काय वाईट असतो? मॅडमच्या उंच टाचांना तोच बरा. त्यांना तसंच सांग."

इरफान म्हणाला, "उस्ताद, मुझसे नहीं होगा." काकांनी त्याच्या हातातून करवत घेतली आणि कठड्याच्या सलग वळणावर पहिला काप स्वतः घातला. महोगनीचा वास शेडभर पसरला. मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर जाऊन थांबले. करवतीचा आवाज बराच वेळ एका लयीत येत राहिला, न थांबता.

मॅडमनी उंच टाचांचं कारण ऐकलं आणि कौतुकाने मान डोलावली. खन्ना महिनाभर काकांशी धड बोलले नाहीत. नव्या दोन मजली बर्थवर काका अडीचपर्यंत झोपले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला येऊन म्हणाले, आता तू निजून बघ. मी चढले, आडवी झाले, उठून बसले. फळीवर त्यांनी मला माझ्या हाताने लिहायला लावलं.

त्यानंतर वर्षभराने बोट पाण्यात उतरली. मी किनाऱ्यावर गेले होते. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. परत आल्या रविवारी मी फोटो घेऊन लक्ष्मीबाई नगरला गेले. तीच आमची शेवटची भेट.

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते, खूप बारीक झालेले. मी मोबाइलवर त्यांना सलून दाखवलं, डेक दाखवलं, रात्री दिव्यांत उजळलेली अख्खी बोट दाखवली. ते बोटाने भराभर पुढे सरकवत होते. सगळे फोटो संपले तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"खलाशांची केबिन?"

मी तिचा फोटो काढला नव्हता. दोन दिवस त्या बोटीवर फिरले, शंभरावर फोटो काढले आणि पुढच्या त्या दारातून आत डोकावलेही नव्हते. मी तिथल्या तिथे कप्तानाला व्हिडिओ कॉल लावला आणि विनंती केली. त्याने चालत पुढे जाऊन मोबाइल एका खलाशाच्या हातात दिला. चाळिशी उलटलेला, दाढी वाढलेला माणूस वरच्या बर्थवर आडवा होता. अचानक मोबाइल हातात आल्याने गोंधळून तो हिंदीत 'जी, जी' करायला लागला. काकांनी मोबाइल माझ्याकडून घेतला.

"खंयचो रे तू?"

त्या माणसाचा चेहरा एकदम बदलला. "देवगडचो."

"नाव काय?"

"दत्ताराम."

"दत्ताराम, वायच उठान बस बघू."

दत्ताराम उठून बसला. सरळ, पाठ ताठ करून, पाय खाली सोडून. काका मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. "डोक्याक लागता काय?"

"नाय. लागना नाय."

"हात घालून बघ वर. किती रवता?"

दत्तारामने डोक्यावर आडवा हात धरला. "चार बोटां रवतत." मग त्याला विचारावंसं वाटलं. "तुमी कोण बोलतास?"

"मी सुतार," काका म्हणाले आणि त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. पडद्यावर दत्ताराम अजून तसाच बसला होता, आता पुढे काय करायचं ते न कळून. काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा उशीला टेकले.

"तेका सांग, आता पड म्हणान," ते म्हणाले. "रात्री ड्युटी आसतली तेची."

मी सांगितलं.